घड्याळ रोज ‘विश्रांती घ्या’ म्हणतंय, ऐकू का?

प्रश्न: मी कराडला शाळेत शिकवते. वय ४१. दोन वर्षं धावतेय, १० किलोमीटरच्या शर्यती झाल्यात, यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. शर्यत नऊ आठवड्यांवर आली. एप्रिलमध्ये हार्ट रेट मोजणारं घड्याळ आणि छातीचा पट्टा घेतला. मे महिन्यात सकाळचे ठोके ५४ आणि एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) ४६ च्या आसपास असायचा. गेले दहा दिवस ठोके ६०-६१ आणि एचआरव्ही ३७. घड्याळ रोज ‘विश्रांती घ्या’ सांगतं. सोप्या धावण्यातही १६०-१६२ दाखवतं. २२० वजा वय केलं तर माझे कमाल ठोके १७९ येतात, म्हणजे मी रोजच नव्वद टक्क्यांवर धावतेय का? शाळा सुरू झाल्यापासून पावणेपाचला उठते, झोप जेमतेम साडेपाच तास. आठवड्याचं धावणं तीन आठवड्यांत २८ वरून ४५ किलोमीटरवर नेलंय, दर रविवारी शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट. मे महिन्यात सकाळी प्राणायाम करतानाच मोजायचे, आता वेळ नसतो म्हणून चहा ठेवून ओट्याजवळ उभ्यानेच मोजते. धावताना पट्टा घासतो म्हणून घड्याळावरच भागवते. ग्रुपमधले म्हणतात, घड्याळ काढून फेक. काय करू?

उत्तर: घड्याळ फेकू नका. पण ते दाखवतंय त्यातलं किती तुमच्या हृदयाचं आणि किती मोजण्याच्या तऱ्हेचं, हे आधी निवडून काढू. निम्मी उत्तरं तुमच्या पत्रातच आहेत.

आधी ते १६०-१६२. मनगटावरचं घड्याळ ठोके मोजत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्त आलं-गेलं की परत येणारा प्रकाश किती बदलला ते बघतं. धावताना हात हलतो, घड्याळ हलतं, त्या हालचालीचीही एक लय असते, आणि घड्याळ कधीकधी तीच लय पकडून बसतं. हौशी धावपटूची पावलं मिनिटाला साधारण १५५ ते १७० पडतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘केडन्स’चा, म्हणजे पावलांच्या गतीचा, आलेख असेल, तो हार्ट रेटच्या आलेखावर ठेवून पाहा. दोन्ही रेषा १६१ ला हातात हात घालून चालल्या असतील, तर तुम्ही इतके दिवस पावलं मोजत होतात. आणखी एक खूण: सुरुवातीची दोन मिनिटं १२०-१३० आणि मग एका झटक्यात १६०. हृदय असं पायरी चढल्यासारखं चढत नाही.

खात्री करायची तर धावता धावता थांबा आणि लगेच मनगटाची नाडी दहा सेकंद मोजा. २४ ठोके आले तर १४४, २७ आले तर १६२. दहाच सेकंद, कारण थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. पूर्ण मिनिट मोजलंत तर आकडा फसवा येईल. मानेवर मोजणार असाल तर एकाच बाजूला, हलक्या बोटांनी.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, हातातून सरकणार नाही इतकं घट्ट बांधा. धावताना मात्र पट्टाच लावा, पैसे दिलेत त्याचे. तो घासतो याचं कारण बहुधा जागा: स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकखाली तो दाबला जातो. इलॅस्टिकच्या लगेच खाली, कातडीला सपाट बसेल असा बांधा. आतल्या बाजूचे दोन खडबडीत पट्टे पाण्याने ओले करा. कोरडे राहिले तर पहिली दहा मिनिटं घाम येईपर्यंत वाट्टेल ते आकडे येतात. घासणाऱ्या कडांना व्हॅसलीन लावा, ओल्या केलेल्या भागाला नको. घरी आल्यावर पट्टा धुवायचा, नाहीतर घामाचं मीठ साचून सहा महिन्यांत तो मरतो. पुढची डबी काढून ठेवायची, नाहीतर आतला सेल उगाच संपतो.

आता १७९. ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ पासून चालत आलंय आणि त्यात व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये आलेलं सुधारित सूत्र २०८ वजा वयाचे सात दशांश. तुमच्यासाठी तेही १७९ च देतं, पण त्याला दुजोरा समजू नका. चाळिशीत ही दोन्ही सूत्रं एकमेकांना छेदतात, एवढंच. तुमचे खरे कमाल ठोके १७० असतील किंवा १९० ही असतील, आणि त्याचा तुमच्या तंदुरुस्तीशी संबंध नाही. त्यामुळे ‘नव्वद टक्के’ हा हिशेब एका शंकास्पद आकड्याला दुसऱ्या शंकास्पद आकड्याने भागून आलेला आहे. सोप्या धावण्याची कसोटी तोवर बोलण्यावर ठेवा: शेजारणीला काल शाळेत काय झालं ते दोन-तीन पूर्ण वाक्यांत सांगता येतंय का? वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग कमी करा, मग घड्याळ १४० म्हणो की १६०.

सकाळच्या मोजणीत जास्त गुंता आहे, तिथे जरा थांबू.

एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचं माप. बहुतेक अ‍ॅप ‘आरएमएसएसडी’ नावाचं माप देतात. हाताने करून बघा. चार अंतरं घ्या, मिलिसेकंदांत: १०००, १०४०, ९८०, १०२०. लागोपाठच्या अंतरांतले फरक ४०, ६०, ४०. त्यांचे वर्ग १६००, ३६००, १६००. बेरीज ६८००, भागिले तीन, वर्गमूळ साधारण ४८. झाला तुमचा एचआरव्ही. आता एका मिनिटाच्या मोजणीत पट्टा सरकला आणि मधला फक्त एक ठोका निसटला असं धरा. दोन अंतरांचं मिळून एक लांबलचक अंतर होतं, आधीच्या आणि नंतरच्या अंतराशी त्याचा फरक हजाराच्या घरात जातो, त्याचा वर्ग दहा लाख. ४८ चे जवळजवळ १९० होतात. चांगली अ‍ॅप असे ठोके गाळतात, पण सगळेच पकडतात असं नाही. म्हणून एके दिवशी एचआरव्ही अचानक दुप्पट-तिप्पट दिसला तर आनंद मानू नका, ती मोजणी खोडा.

श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. हा चढउतार मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या, ठोके संथ ठेवणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमुळे होतो, आणि आरएमएसएसडी मुख्यतः तिचंच काम मोजतो. अनुलोम-विलोम करताना तुमचा श्वास मिनिटाला पाच-सहावर येतो आणि हा चढउतार फुगतो. मे महिन्यातला ४६ हा त्या श्वासाचा ४६ आहे. आताचा ३७ साध्या श्वासाचा, तोही उभ्याने. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, ते वर ठेवायला हृदयाचे ठोके वाढतात, व्हेगसचा ताबा सैल होतो. बसून आणि उभ्याने मोजलेल्या ठोक्यांत दहा-पंधराचा फरकही नवलाचा नाही. ५४ आणि ६१ या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्यातून मे महिना सुट्टीचा: झोप पुरेशी, घंटा नाही, वह्या नाहीत. सुट्टीतली पायारेषा लावून शाळेचे दिवस मोजलेत तर वर्षभर घड्याळ ‘विश्रांती घ्या’च म्हणेल.

उद्यापासून असं करा. उठल्यावर लघवीला जाऊन या, चहा-पाणी त्यानंतर. खुर्चीवर पाठ टेकून बसा, पट्टा ओला करून लावा, एक मिनिट नुसतं बसा आणि पुढची दोन मिनिटं मोजा. श्वास आपला येईल तसा येऊ द्या, बोलू नका, फोनवरचे मेसेज तर उघडूच नका. प्राणायाम नंतर. रोज हेच, त्याच खुर्चीत. घड्याळ रात्री झोपेत मोजतं तो आकडा वेगळा, त्याची यात भेसळ नको. मोजणीशेजारी चार शब्द लिहा: झोप किती तास, पाय कसे वाटतात, रात्री जेवण किती वाजता, पाळीचा कितवा दिवस.

हे शेवटचं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत सकाळचे ठोके दोन-चारने वर आणि एचआरव्ही थोडा खाली असणं नेहमीचं आहे. तुमचे ‘गेले दहा दिवस’ नेमके तेच असतील तर त्यातले काही ठोके तिथले. या महिन्यातल्या त्या दिवसांची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करायची.

एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. सात दिवसांची सरासरी बघा. आठवड्यातून चार मोजण्या झाल्या तरी चालेल. महिनाभर नोंदी झाल्या की एक्सेलमध्ये एचआरव्हीची सरासरी आणि ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ (आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत ते) काढा. समजा सरासरी ४० आणि डेव्हिएशन ६ आलं. त्याचं निम्मं ३, म्हणजे ३७ ते ४३ ही तुमची नेहमीची कक्षा. (संशोधक हेच आकड्यांचा लॉगॅरिदम घेऊन करतात, तुम्हाला गरज नाही.) सात दिवसांची सरासरी या कक्षेत आहे तोवर ठरलेला सराव करा. ती कक्षेखाली गेली आणि ठोकेही पाचने वर असतील तर त्या दिवशीचा टेंपो (सलग जोराचं धावणं), इंटरव्हल (मध्ये थांबून जोराचे छोटे तुकडे) किंवा घाट रद्द, त्याऐवजी तीस-चाळीस मिनिटं सपाटीवर. फिनलंडमधल्या औलू इथे २००७ मध्ये साधारण याच धर्तीवर प्रयोग झाला होता: एचआरव्ही घसरला की जोराचा सराव सोडून हलका किंवा आराम. ठरलेल्या वेळापत्रकाने पळणाऱ्यांपेक्षा त्या गटाचा कमाल वेग जास्त सुधारला. धावणारे सगळे पुरुष होते, हेही ध्यानात असू द्या. आणि अ‍ॅपचा तो शंभरपैकी गुणांचा ‘रिकव्हरी स्कोअर’ बघायचं सोडा. त्यात झोप, हालचाल, ठोके काय काय आणि किती प्रमाणात घातलंय ते कंपन्या सहसा पूर्ण सांगत नाहीत, त्यामुळे तो का घसरला हेही कळत नाही.

इतकं सगळं वजा केल्यावर तुम्ही ताज्यातवान्या आहात असं निघतं का? मुळीच नाही. तीन आठवड्यांत २८ चे ४५ म्हणजे साठ टक्के वाढ, आणि ती साडेपाच तासांच्या झोपेवर. घड्याळाने चुकीच्या आकड्यावरून का होईना, गोष्ट खरी सांगितली.

घाटाबद्दल एक गोष्ट हार्ट रेटमध्ये दिसतच नाही. चढावर ठोके १६५ दिसतात, उतारावर १४०. घड्याळ चढाला कठीण म्हणतं आणि उताराला आराम. पण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारत असतात. त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून ठोके कमी. स्नायूंच्या तंतूंची झीज मात्र सगळ्यात जास्त तिथेच होते. सोमवारी-मंगळवारी वर्गाचा जिना उतरताना मांड्या दुखतात ना? तो रविवारचा उतार. म्हणून घाटाच्या दिवसाचा भार ठोक्यांवरून मोजू नका. धावून झाल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, शून्य ते दहामध्ये किती अवघड गेलं, आणि त्याला मिनिटांनी गुणा. बुधवारचं सोपं धावणं ५० मिनिटं, कष्ट ३: दीडशे. रविवारचा घाट १३० मिनिटं, कष्ट ७: नऊशे दहा. बुधवारसारखे सहा दिवस एका रविवारात. हा हिशेब कागदावर मांडला की दर रविवारी घाट का नको ते दिसेल.

आता करायचं काय. पुढचे दहा दिवस आठवड्याला २४-२५ किलोमीटर, चार दिवसांत विभागून, सगळं सपाट, सगळं बोलत बोलत. झोप साडेसहा तासांवर न्या, त्यासाठी एखाद्या सकाळचं धावणं सोडावं लागलं तरी सोडा. त्यानंतरचे आठवडे साधारण ३०, ३४, ३८ आणि मग पुन्हा ३०. तो उतरता आठवडा गाळू नका. मग एकदा ४२, आणि तिथून शर्यतीपर्यंत उतरत जायचं. घाट फक्त ३४, ३८ आणि ४२ च्या आठवड्यांत. शेवटचा मोठा घाट शर्यतीच्या पंधरा दिवस आधी, त्यानंतर नाही.

दर शनिवारी एक छोटी चाचणी ठेवा, सकाळच्या मोजणीपेक्षा ती जास्त सांगते. तोच सपाट रस्ता, तीच वेळ, पट्टा लावून. दहा मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा, मग दहा मिनिटं एकाच ठरलेल्या पेसने, समजा किलोमीटरला साडेसात मिनिटं. शेवटच्या दोन मिनिटांची ठोक्यांची सरासरी लिहा. मग जागच्या जागी उभ्या राहा आणि बरोबर ६० सेकंदांनी किती ठोके उतरले ते लिहा. तिसरा आकडा कष्टाचा, शून्य ते दहा. त्या सकाळची हवाही लिहा, कारण पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि त्याच पेसला पाच-दहा ठोके जास्त पडतात. ते दमणं नव्हे. तीन-चार ठोक्यांचा फरक तर कुठलंच कारण नसताना पडतो.

ठोके कमी, कष्ट कमी: तयारी वाढतेय. ठोके पाच-सातने जास्त, कष्टही जास्त: झोप, पाणी, येऊ घातलेलं आजारपण बघा. फसवणारा प्रकार तिसरा. ठोके नेहमीपेक्षा कमी, थांबल्यावर उतरलेही झपाट्याने, पण पाय शिशाचे आणि कष्ट ३ ऐवजी ५. कागदावर हे सुधारल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात फार भार झालेलं शरीर ठोके वर न्यायलाच तयार नसतं. कष्टाचा आकडा लिहिला नसेल तर हा प्रकार हमखास निसटतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात माणूस जोर वाढवतो.

पाच आठवड्यांनी, तो ३० चा हलका आठवडा संपताना, एकदा अर्ध्या तासाची उंबरठा चाचणी (बराच वेळ टिकणाऱ्या जोराची हद्द कुठे आहे ते बघायला) करा. आधी नको, दमलेल्या अंगावर आकडा चुकतो. पंधरा मिनिटं अंग गरम करून एकटीने, सपाटीवर, तीस मिनिटं टिकेल तितक्या जोरात. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी म्हणजे तुमच्या उंबरठ्याचे ठोके. समजा १६८ आले, तर सोपं धावणं त्याच्या ८९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १४९ च्या आत. २२० वजा वयाची मग आठवणसुद्धा येणार नाही. इंटरव्हल मात्र ठोक्यांवर करू नका. मिनिटाभराच्या जोराला ठोके वर यायलाच अर्धं-पाऊण मिनिट लागतं, तोवर तो संपत आलेला असतो.

दोन-तीन आठवड्यांच्या आरामानंतरही शनिवारच्या चाचणीत ठोके चढलेलेच राहिले, जिने चढताना धाप लागली, तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी). हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन वेगळं सांगून करून घ्या. थायरॉइड जास्त चालत असेल तरी ठोके वाढतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा की ती बीटा-ब्लॉकर आहे का. असेल तर ती ठोके दाबून ठेवते आणि वरचे सगळे आकडे बाद, फक्त कष्टाचा आकडा उरतो.

तापात धावायचं नाही, अगदी ९९ वरसुद्धा. अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की ठोके साधारण दहाने वाढतात. डेंग्यू-टायफॉइडमध्ये मात्र ताप असूनही ते तितके वाढत नाहीत, त्यामुळे ‘ठोके ठीक आहेत म्हणजे ताप किरकोळ’ असा तर्क या दिवसांत धोक्याचा. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून परत धावायला कधी लागायचं ते डॉक्टर सांगतील. आणि धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, बसल्याजागी नाडी अनियमित लागली, ठोके एकाएकी दोनशेवर जाऊन उतरेनात, किंवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झालेला असेल, तर या सदराला पत्र लिहीत बसू नका. ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

शर्यतीच्या सकाळचा एचआरव्ही मोजू नका. आदल्या रात्रीची अर्धवट झोप आणि पोटातली धाकधूक यांनी तो खाली असणारच, बघून फक्त जीव घाबरा होतो. सुरुवातीच्या रेषेवर ठोके उभ्याउभ्याच शंभर-एकशेदहा दिसतील, तेही सोडून द्या. यवतेश्वरच्या चढावर उंबरठ्याच्या पाच-सात ठोके खाली राहा, उंबरठा १६८ असेल तर १६१-१६३. ते ओलांडले की चाला, बिनदिक्कत चाला. त्या घाटात चालणारे पुष्कळ असतात. कासच्या रस्त्यावरून वळल्यावर त्याच पेसला पाच-सात ठोके जास्त पडू लागतील, ते घामामुळे, घाबरू नका, पाणी घ्या. आणि घाट उतरायला लागलात की घड्याळ बाहीखाली सारा. तिथे ते १४० म्हणेल आणि मांड्या काही वेगळंच सांगत असतील. पावलं छोटी ठेवा, टाच आपटू नका.